भट्टीच्या हेल्पचं पान

पीण्या,
सोमवार, १९ जानेवारी

चि. सुप्रीता,

आशीर्वाद. फोन करू नकोस. चाळीस वर्षं हातोड्यांच्या आवाजात काढल्यावर मामाचे कान फोनच्या कामाचे राहिलेले नाहीत, आणि हे प्रकरण 'काय म्हणालीस?' करत बोलण्यासारखं नाही. ईमेलवर लिहून उत्तर दे.

आमच्या कारखान्यातून होसकोट्याच्या लिफ्ट कंपनीला गेलेली एक पिन तुटली. लिफ्टच्या ब्रेकची. तिथल्या फिटरने बसवताना लाकडी हातोडीचा एक टोला दिला आणि खडूसारखे दोन तुकडे झाले. लिफ्टमध्ये बसल्यावर तुटली असती तर काय झालं असतं, हे मला सांगायला लावू नकोस.

तू नेहमी उंटावरून शेळ्या हाकतेस, म्हणून पुन्हा सांगतो. पिन आधी लाल तापवून तेलात बुडवतात, तेव्हा ती कडक होते पण ठिसूळही होते. मग तुझ्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या दुसऱ्या भट्टीत मंद आचेवर एकशेवीस मिनिटं ठेवली की ठिसूळपणा जातो. दुसऱ्या पाळीचा माणूस संध्याकाळी पिनांची जाळी आत ठेवतो, संगणकावर कमांड देतो आणि घरी जातो. सकाळी पहिली पाळी थंड झालेली भट्टी उघडते. मध्ये कोणी बघत नाही.

तुटलेल्या पिनेवर ८ जानेवारीच्या भट्टीचा शिक्का आहे (एका वेळी भाजलेल्या मालालाही आम्ही 'भट्टी'च म्हणतो). तुमच्या कार्यालयाकडून त्या दिवसाची नोंद मागवली, तर तीत लिहिलंय: वेळ, वीस मिनिटे. ती भट्टी देवाप्पाने लावली होती. तो शपथेवर सांगतो की मी वेळ टाइप केलीच नाही. मालक श्रीहरींनी चौकशी माझ्यावर सोपवली आहे आणि देवाप्पाला तूर्त घरी बसवलंय. बारा वर्षं माझ्या हाताखाली आहे तो.

मला एकच सांग. वेळ टाइप केली नाही तर तुझा प्रोग्रॅम एकशेवीसच धरतो ना? शुक्रवारी अहवाल द्यायचा आहे.

अण्णा

(मामीने संक्रांतीचं यळ्ळू-बेल्ल, म्हणजे इथला तीळगूळ, तुझ्यासाठी डब्यात ठेवलंय. राजाजीनगरला घरी तू कधी उगवणार, असं विचारते.)

*

होसकोटे,
मंगळवार, २० जानेवारी

ती. अण्णा,

नमस्कार. वाचून फार वाईट वाटलं. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला लगेच देता येतं: हो, एकशेवीसच धरतो.

खात्री कशावरून, तेही सांगते. तुम्ही 'भट्टी' या कमांडपुढे हेल्प लिहिलंत की सूचनांचं जे कन्नड पान उमटतं, त्याचा एक नमुना मी जपून ठेवलाय. पायथनमधल्या त्या प्रोग्रॅमला आम्ही कुठेही हात लावला की एक युनिट टेस्ट ते पान नव्याने काढते आणि नमुन्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघते. एक स्वल्पविराम हलला तरी लाल, सगळं जुळलं तर हिरवं. 'वेळ न दिल्यास १२० मिनिटे' यातला आकडा मी हाताने लिहिलेला नाही, तो थेट प्रोग्रॅमच्या पोटातून पानावर येतो. म्हणजे आत आकडा बदलला तर पान बदलतं, आणि पान बदललं की टेस्ट बोंब मारते.

शेवटची आवृत्ती आम्ही १५ डिसेंबरला दिली. आत्ता उघडून बघितलं, सगळ्या टेस्ट हिरव्या आहेत.

मला लिहायला बरं वाटत नाही, पण १२० टाइप करताना देवाप्पांचा एक राहून गेला असेल. माणूस आहे, होतं असं. श्रीहरींना सांगा, त्यांना फार बोलू नका.

मामीला सांगा, रविवारी येते.

सुप्रीता

*

पीण्या,
बुधवार, २१ जानेवारी

चि. सुप्रीता,

तुझं पत्र घेऊन देवाप्पाच्या घरी गेलो आणि त्याला वाचून दाखवलं. बेळगावकडचा माणूस, मराठी त्याला पुरती कळते. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अण्णा, मी वेळ घातलोच नाही की ओ. कागदावर हाय तसं केलोय. कागद तुमीच लावलाय."

तो कागद म्हणजे तुझं हेल्पचं पान. तुला कौतुक म्हणून सांगितलं होतं, आठवतं? दसऱ्याच्या आयुधपूजेला मी ते छापून, प्लास्टिकमध्ये घालून भट्टीशेजारी लावतो. भट्टीला, चिमट्यांना, तराजूला कुंकू लागतं तसं त्यालाही. वर्षभर हलवत नाही, पुढच्या पूजेला नवं. माझ्या भाचीने लिहिलंय म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतोही. आणि पोरांना माझी ताकीद आहे की, कागदावर 'न दिल्यास' असं लिहिलेलं उगाच टाइप करत बसायचं नाही. जितकं जास्त टाइप कराल तितक्या जास्त चुका. विठोजी तेवढा ऐकत नाही, तो सगळंच टाइप करतो. आणि गंमत बघ, विठोजीच्या भट्ट्यांबद्दल अजून एकही तक्रार नाही.

मीही विचार करून पाहिला. संक्रांतीला देवाप्पा गावी गेला होता, तेव्हा १६ तारखेची भट्टी मीच लावली. कागदाबरहुकूम. काही अडलं नाही. सकाळी वरच्या दोन पिना मशीनवर तपासल्या, कडकपणा अगदी हवा तेवढा. मग देवाप्पालाच कसं अडलं?

तरी त्याचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही. तू म्हणतेस ना पान बदलू शकत नाही? भिंतीवरच्या कागदाचा फोटो सोबत आहे. तुझ्याकडच्या पानाशी एकदा ताडून बघ, म्हणजे मला निर्धास्तपणे सही करता येईल.

अण्णा

*

होसकोटे,
गुरुवार, २२ जानेवारी

ती. अण्णा,

फोटो मिळाला. तपासते आहे.

अहवाल शुक्रवारी देऊ नका. सोमवारपर्यंत थांबवा. कारण आत्ता लिहिता येत नाही. रविवारी मला यायला जमणार नाही, मामीला सांगा.

सुप्रीता

*

पीण्या,
शनिवार, २४ जानेवारी

चि. सुप्रीता,

चार ओळींचं पत्र, त्यात कारण नाही. मी ते श्रीहरींसमोर ठेवलं. ते म्हणाले, "अण्णा, थांबायला काहीतरी आधार द्या की." आधार मी कुठून आणू? माझ्याकडे तुझं मंगळवारचं पत्र होतं, ते मी अहवालाला जोडलं.

अहवालात लिहिलं की, ऑपरेटरने १२० ऐवजी २० टाइप केले, दोष फक्त ८ जानेवारीच्या भट्टीत. तेवढ्याच पिना परत मागवायच्या. देवाप्पाला चूक कबूल असल्याचा कागद दिला. त्याने वाचला नाही. म्हणाला, "वाचून काय करू? तुमी लिवलाय न्हवं." सही केली, कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला. 

बाकीच्या भट्ट्या निर्दोष ठरल्यामुळे पुढचा माल आज होसकोट्याला गेला. त्यात माझ्या हातची १६ तारखेची भट्टीही आहे, निदान तिच्याकडे तरी कोणी बोट दाखवणार नाही. सोमवारी सव्वीस जानेवारीची सुट्टी, मंगळवारी सकाळपासून पिना बसवायला घेतील.

तू काय तपासत होतीस ते आता तरी कळव.

अण्णा

*

होसकोटे,
रविवार, २५ जानेवारी

ती. अण्णा,

हे पत्र श्रीहरींना आणि लिफ्ट कंपनीच्या गुणवत्ता विभागालाही पाठवते आहे. आधी कामाचं, मग बाकीचं.

१५ डिसेंबरनंतर ज्या ज्या भट्टीत वेळ टाइप केलेली नाही, तिच्यातली एकही पिन बसवू नका. बसवली असेल तर ती लिफ्ट आजच बंद करा. पूर्ण नोंद मी काढली आहे. अशा सहा भट्ट्या आहेत, प्रत्येकीत तीनशे पिना. सहाही ठिकाणी वेळ वीस आहे. पाच देवाप्पांच्या.

सहावी १६ जानेवारीची. अण्णा, ती तुम्ही लावली होती. त्या संध्याकाळी तुम्ही वीस टाइप केलं होतं का, ते आठवा. केलं नव्हतं, हे तुमच्याच बुधवारच्या पत्रात आहे. नोंदीत वेळ किती धरली ते येतं, ती कोणी टाइप केली की प्रोग्रॅमने धरली ते येत नाही. देवाप्पा खरं बोलत होते.

वरच्या दोन पिना तपासून कळणार नाही. वीस मिनिटांत कडेच्या तापतात, जाळीच्या मधल्या कच्च्या राहतात. मधल्या काढून तपासा.

आता हे कसं झालं ते. डिसेंबरमध्ये माझा सहकारी संग्राम भट्टीच्या चाचण्या घेत होता. दर वेळी दोन तास कोण थांबणार, म्हणून त्याने वेळ न दिल्यास धरायचा आकडा वीस केला आणि परत एकशेवीस करायला विसरला. विसरलेलं पकडायलाच माझी टेस्ट होती. आणि तिने पकडलं होतं, अण्णा. ती लाल झाली होती.

पण त्याच आठवड्यात आम्ही टेस्ट नव्या मशीनवर हलवल्या होत्या. तिथे पडद्याची रुंदी कमी, त्यामुळे हेल्पच्या पानाच्या ओळी वेगळ्या ठिकाणी तुटत होत्या. मजकूर तोच, पण एकेचाळीसपैकी जवळपास सगळ्या ओळी लाल. त्याआधी पायथनची आवृत्ती बदलली तेव्हा पानावरचा एक मथळा बदलला होता, तेव्हाही लाल. त्याआधीही एकदा असंच. दर वेळी पान ठीक आणि टेस्टचाच कांगावा. म्हणून मी एक सोय करून ठेवली होती: एक कमांड दिली की आत्ताचं पान हाच नवा नमुना. १५ डिसेंबरला दुपारी मी लाल बघितलं, 'पुन्हा ओळी तुटल्या' असं म्हटलं, ती कमांड दिली आणि जेवायला गेले. त्या एकेचाळीस ओळींत एक ओळ खरोखर बदललेली होती. मी वाचली नाही. त्या आकड्यासाठी दुसरी टेस्ट नव्हती, कारण हीच पुरेशी आहे असं मीच ठरवलं होतं.

मंगळवारी मी तुम्हाला 'हिरवी' म्हणून लिहिलं, तेव्हा ती वीसला वीस जुळवून हिरवी झालेली होती. नमुना उघडून बघायचं माझ्या मनातही आलं नाही.

तुमचा फोटो गुरुवारी सकाळी आला आणि दहा मिनिटांत मला सगळं कळलं. भिंतीवर १२०, माझ्याकडे २०. मी आमचे प्रमुख रघुनंदन यांना सांगितलं. ते म्हणाले, कंपनीचं ठरेपर्यंत बाहेर लेखी काही द्यायचं नाही. मी ते ऐकलं, कारण ते ऐकणं सोयीचं होतं. चार ओळी लिहिल्या आणि वाटलं की अण्णा समजून घेतील. तुम्ही काय समजायचं होतं? मला भीती वाटत होती. नोकरीची थोडी आणि तुमची जास्त. तुम्ही त्या पानाला कुंकू लावता.

काल तुमचं पत्र आलं, त्यात देवाप्पांनी किल्ली ठेवली ते वाचलं. आज मी रघुनंदनना कळवलं की मी लिहिते आहे, आणि त्यांच्या उत्तराची वाट न बघता लिहिलं.

माझं मंगळवारचं पत्र अहवालातून काढू नका. त्याच्या शेजारी हे लावा.

सुप्रीता

*

पीण्या,
बुधवार, २८ जानेवारी

सुप्रीता,

तुझं पत्र रविवारी दुपारी वाचलं. पहिल्यांदा वाचून चष्मा काढून ठेवला. मग १६ तारखेची संध्याकाळ आठवली. जाळी ठेवली, कमांड दिली, कागदाकडे बघितलं आणि वेळ टाइप केली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर फाशी देणाराच एक चोर होता.

श्रीहरी आणि मी सुट्टीच्या दिवशी होसकोट्याला गेलो. मालाच्या पेट्या उघडल्या. १६ तारखेच्या भट्टीतल्या पिना जाळीतल्या जागेनुसार भरलेल्या असतात, म्हणून मधल्या बारा काढून ठोकून बघितल्या. सात तुटल्या. माझ्या हातच्या.

डिसेंबरच्या पहिल्या दोन भट्ट्यांतल्या पिना दोन इमारतींत बसून झाल्या होत्या. कंपनीने त्या लिफ्ट रविवारी संध्याकाळीच थांबवल्या. एका लिफ्टची पिन काढली तर तिला केसाएवढी चीर गेलेली होती. नऊ मजली इमारत आहे. तिथल्या एका म्हाताऱ्या बाई जिन्याने चढताना आम्हाला शिव्या देत होत्या, कन्नडमधून, चांगल्या खणखणीत. माझ्या कानांनाही ऐकू आल्या. मला त्या फार गोड लागल्या.

आता तुझं. तू गुरुवारी लिहिलं असतंस तर शनिवारी तो माल गेला नसता आणि देवाप्पाने सही केली नसती. याचा राग माझ्या मनात आहे आणि तो इतक्यात जायचा नाही, हे तुला कळलेलं बरं. आयुधपूजेच्या नावाखाली जुना कागद भिंतीवर मी ठेवला, डिसेंबरमध्ये 'नवं पान छापून लावा' असं तू कळवलं होतंस तेही मी दसऱ्यावर ढकललं. देवाप्पावर विश्वास ठेवण्याऐवजी तुझ्या हिरव्यावर मी ठेवला. म्हणून तुझ्यावर ओरडायलाही मला तोंड नाही. याचाही राग आहे.

पहिला अहवाल मागे घेतला. दुसऱ्यात माझं नाव आहे, तुझं आहे.

काल देवाप्पाच्या घरी गेलो. त्याची बायको यल्लव्वा, तिने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला, बसा म्हणाली नाही. मी उभ्यानेच त्याची सही असलेला कागद त्याच्या हातात दिला आणि चुकलं म्हणालो. त्याने कागदाची घडी केली, खिशात ठेवली. "फाडत न्हाई," म्हणाला. "ऱ्हाऊंद्या." कामावर येणार का विचारलं, तर म्हणाला बघतो.

अण्णा

*

पीण्या,
मंगळवार, १७ फेब्रुवारी

चि. सुप्रीता,

तीन आठवडे लिहिलं नाही. तूही लिहिलं नाहीस. मामी म्हणते, दोघं सारखेच आहात.

देवाप्पा दोन तारखेला आला. अट घालून आला की भिंतीवर कागद लावायचा नाही. दसरा नसताना कागद मीच काढला. खाली भिंतीचा चौकोन पांढरा राहिलाय. देवाप्पा आता रोज भट्टी लावण्याआधी पडद्यावर हेल्प काढतो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचतो. तुझं कन्नडातलं पान त्याने आपल्या वहीत उतरवून घेतलंय. एक बोट वहीवर, एक बोट पडद्यावर. पोरं आधी हसली. विठोजी हसला नाही, तो शेजारी उभा राहून ऐकायला लागला. मग देवाप्पा वेळ आणि ताप दोन्ही स्वतः टाइप करतो. एकूण सहा मिनिटं जातात, मी घड्याळ लावून बघितलंय.

श्रीहरींनी विचारलं, इतकं वाचायची काय गरज, सुप्रीताने नवी टेस्ट केलीय ना? देवाप्पा म्हणाला, "त्यांची त्यांनी करूंदे. माझी मी करतो."

काल वाचता वाचता तो सतराव्या ओळीवर थांबला. तुझं पान सांगतं, ताप साडेसहाशे अंशांपर्यंत देता येईल. त्याने भट्टीमागे जाऊन पत्र्याची पाटी पुसली. तिच्यावर भट्टीची कमाल मर्यादा सहाशेच आहे. मला बोलावून दाखवलं. दोन वर्षं ती ओळ तशीच आहे, दोन दसरे मी तिला कुंकू लावलं. त्याने तुला कळवायला सांगितलंय. म्हणाला, "अक्कांना सांगा, वरडत न्हाई, फकस्त सांगतोय."

तुझ्या नोकरीचं काय झालं?

अण्णा

*

होसकोटे,
बुधवार, १८ फेब्रुवारी

ती. अण्णा,

नोकरी आहे. रघुनंदन माझ्याशी कामापुरतं बोलतात. भट्टीचा कुठलाही बदल सहा महिने माझ्या एकटीच्या शब्दावर जाणार नाही, माझी सहकारी अनुषा शेजारी बसून बघणार. हे योग्य आहे, असं मीच त्यांना सांगितलं.

नमुना बदलायची सोपी कमांड मी काढून टाकली. टेस्ट चालताना पडद्याची रुंदी आता ठरलेली असते, म्हणजे उगाच लाल होणार नाही. वेळेच्या आकड्यासाठी वेगळी टेस्ट आहे, तिच्यात एकशेवीस हा आकडा मी हाताने लिहिलाय. तुमचं पत्र येईपर्यंत मला वाटत होतं की एवढ्याने झालं.

सतराव्या ओळीबद्दल माझी कुठलीच टेस्ट कधी बोलली नसती. नमुना पानावरूनच काढलेला, त्यामुळे पान चुकीचं असलं तरी दोघं एकमेकांशी जुळतात. पाटी मागे आहे, आणि मी तिथे कधी गेलेच नव्हते. शनिवारी येते आहे. आधी पीण्याला, मग राजाजीनगरला. देवाप्पा भेटले तर भेटतील, नाही म्हणाले तर पाटी बघून जाईन.

ओळ दुरुस्त केली. दुरुस्त केल्यावर टेस्ट लाल झाली, कारण नमुन्यात जुनी ओळ होती. अनुषा म्हणाली, एकच तर ओळ आहे, घे बदलून. मी पान काढलं आणि वरून सुरुवात केली. अनुषाने खुर्ची ओढून घेतली.

देवाप्पांना सांगा, सतराव्या ओळीबद्दल त्यांचं बरोबर आहे. एकेचाळीसही वाचल्या. मोठ्याने.

सुप्रीता